सोत्गोलचं कोमट पाणी

१

महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी सहाला मिओक बर्फाची पेटी खांद्याला अडकवून डोंगर चढायला लागायची. वय त्रेपन्न, गुडघे कुरकुरत, पण अकरा वर्षांत एक मंगळवार चुकला नव्हता. कोरियातल्या बुसान शहराच्या एका टोकाला डोंगरावर पाच झरे होते आणि पाचही झऱ्यांचं पाणी तपासणीला नेणं हे तिचं काम. खालची नदी दर उन्हाळ्यात शेवाळानं हिरवीगार होई, नळाच्या पाण्याला कुबट वास सुटे. तो वास आला की पायथ्याच्या वस्तीतली म्हातारी माणसं नाक मुरडत, कॅन घेऊन डोंगराची वाट धरत. नळाचं पाणी भांडी घासायला. प्यायचं ते डोंगराचं.

तिची पद्धत ठरलेली होती. आधी नळीच्या टोकाला छोट्या गॅसबत्तीची ज्योत लावायची, बाहेरून चिकटलेले जंतू जाळायला. मग दोन मिनिटं पाणी वाहू द्यायचं. बाटलीचं झाकण उघडताना आतल्या बाजूला बोट लागू द्यायचं नाही. बाटली गळ्यापर्यंत भरायची, नंबर घालायचा, पाण्याचं तापमान वहीत लिहायचं. चार दिवसांनी निकाल येई आणि तो झऱ्यापाशी फळ्यावर तीच चिकटवी. निळा कागद म्हणजे प्या. लाल म्हणजे पिऊ नका. सलग तीनदा लाल आला की झरा सिमेंट भरून कायमचा बंद.

मे महिन्यातल्या मंगळवारी ती तिसऱ्या झऱ्यावर, सोत्गोलला पोचली, तेव्हा तिथे कोणी नव्हतं. खडकाच्या भेगेतून आलेल्या नळीतून पाणी पडत होतं, खाली दगडी कुंडी, बाजूला खिळ्याला टांगलेली लाल प्लास्टिकची ओगराळी. तिने तापमान घेतलं. छत्तीस पूर्णांक चार.

सोत्गोलचं पाणी बारा महिने तेरा अंशांचं. जानेवारीत हाताला उबदार लागे, ऑगस्टमध्ये दात शिवशिवत, पण आकडा तेराच. तिच्या अकरा वह्यांत दुसरा आकडा नव्हता. तिने थर्मामीटर झटकला, पुसला, पुन्हा धरला. छत्तीस पूर्णांक चार. यंत्र बिघडलं असं म्हणून ती चौथ्या झऱ्यावर गेली. तिथे चौदा. पाचव्यावर, देवळाजवळ, तेरा. ती चढण उतरून परत सोत्गोलला आली. छत्तीस पूर्णांक चार.

मग तिने नळीखाली हात धरला. उन्हाने तापलेल्या पाण्यासारखं ते नव्हतं. कुणीतरी आत्ताच उठून गेलेल्या खुर्चीवर आपण बसावं आणि बूड टेकताच ऊब लागावी, तशी ती ऊब होती. तिने हात मागे घेतला आणि पँटला पुसला. मग पुन्हा एकदा पुसला.

२

या झऱ्याच्या बाबतीत मिओकने एक चूक केलेली होती.

सोत्गोल हा तिच्या आईचा झरा. दालबुनबाई एकोणऐंशी वर्षांच्या. नवरा गेल्यापासून रोज पहाटे काठी टेकत वर जायच्या, ओगराळीभर पाणी पिऊन बाकावर बसायच्या आणि वस्तीतल्या सगळ्यांच्या सुनांचा उद्धार करून खाली यायच्या. डॉक्टर म्हणत, ही चढण आहे तोवर म्हातारी आहे. मिओक स्वतः याच पाण्यावर वाढली होती.

फेब्रुवारीत सोत्गोलचा कागद लाल आला. मार्चमध्ये परत लाल. एप्रिलच्या मंगळवारी बाकावर नऊ म्हाताऱ्या माणसांची रांग तिची वाट बघत बसली होती. मधोमध मा ग्वांगपिल, गोदीत तीस वर्षं क्रेन चालवलेले, ज्येष्ठ मंडळाचे अध्यक्ष.

"आली बघा पाण्याची फौजदारीण," ते म्हणाले. "आज फाशी का जन्मठेप?"

"अध्यक्षसाहेब, पाणी खराब आहे. मी काय करू?"

"खराब. मी पंचाहत्तर वर्षं पितोय हे पाणी. मी खराब झालोय का?"

"तुमचं तोंड तर कधीच झालंय," दालबुनबाई पलीकडून म्हणाल्या, आणि सगळी माणसं हसली. हसणं ओसरल्यावर अध्यक्ष हळूच म्हणाले, "मिओक, हा झरा बंद झाला तर ही नऊ माणसं घरातून बाहेर पडणार नाहीत. तुझ्या आईसकट. एवढं मनात ठेव, बाकी तुझं तू बघ."

तिने नेहमीसारखी ज्योत लावली, बाटली भरली. पण पाचव्या झऱ्यावर गेल्यावर तिने आजूबाजूला पाहिलं, सोत्गोलची बाटली गवतात ओतून टाकली आणि देवळाजवळचं स्वच्छ पाणी दोन बाटल्यांत भरलं. एकीवर पाच लिहिलं, एकीवर तीन.

कागद निळा आला. तो तिने नेहमीच्या जागी, नेहमीसारखाच चिकटवला.

३

मे महिन्याची बाटली मात्र तिने प्रामाणिकपणे भरली. वहीत छत्तीस पूर्णांक चार लिहिलं, खोडलं नाही.

तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या नाम ह्येजूचा फोन आला. ह्येजू तिच्याहून वीस वर्षांनी लहान, चेष्टेखोर, पण कामाला चोख.

"ताई, तीन नंबरची बाटली भरताना तुम्ही जेवत होतात का?"

"म्हणजे?"

"या तुम्ही. फोनवर सांगण्यातलं नाही."

मिओक गेली. ह्येजूने बाटली तिरकी केली. पाणी एका बाजूला गेलं, पण काचेवरून सरकताना मागे जाडसर, लोंबता पडदा सोडत गेला आणि मग सावकाश सुटला. मध्ये बारीक बुडबुडे अडकलेले होते, फुटत नव्हते.

"ही थुंकी आहे," ह्येजू म्हणाली. "पाणी मिसळलेली, पण थुंकी. तोंडातले जंतू आहेत, गालाच्या आतल्या कातडीच्या पेशी आहेत. एक तीळ सापडला, चावलेला. भाताचं शीत. आणि हे एका माणसाचं नाही ताई. मी मोजायचं सोडून दिलं."

मिओक सवयीने कारणं शोधू लागली. म्हातारी माणसं झऱ्यावर चूळ भरतात. पण चूळ कुंडीत पडते, तिने पाणी नळीतून घेतलं होतं. खडकाच्या वर कोणी राहत असेल. वर फक्त पाइनची झाडं. मग एखाद्या इमारतीचं गटार झिरपत असेल.

"गटाराचं असतं तर आतड्यातले जंतू दिसले असते," ह्येजू म्हणाली. "ते शून्य. एकही नाही."

"गटाराचं असतं तर बरं झालं असतं," मिओक म्हणाली.

ह्येजू हसली नाही. तिने छापलेला कागद पुढे सरकवला. तो निळा होता. "नियमात आतड्यातले जंतू मोजतात. तोंडातले नाहीत. यंत्राच्या हिशेबाने हे पाणी पिण्यालायक आहे. मी वर विचारलं, ते म्हणाले, जे नियमात आहे तेवढं लिहा."

मिओकने कागद घेतला. आता ही निळाई खरी होती. झरा बंद व्हायचा तर त्याला एकच वाट उरली होती. एप्रिलचा कागद खोटा होता, हे तिने कबूल करायचं. मग एप्रिलही लाल धरला जाईल, सलग तिसरा.

४

ती तडक आईच्या घरी गेली. दालबुनबाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेल्या होत्या. भिंतीपाशी कॅन ओळीने उभे, सात-आठ. ओट्यावरची भाताची पेज तशीच होती, वर साय धरलेली.

"जेवली नाहीस?"

"भूक नाही. पाण्यानेच पोट भरतं." त्यांचा चेहरा टवटवीत दिसत होता. सुरकुत्या भरून आल्यासारख्या, ओठ ओले आणि चकचकीत. "हल्ली पाणी काय छान येतंय. कोमट. घशाला त्रास नाही."

"आई, ते पाणी पिऊ नकोस. खराब आहे."

"निळा कागद तूच चिकटवलास की."

"अगं, मी सांगते ना. त्यात थुंकी आहे. लोकांची थुंकी."

दालबुनबाईंनी लेकीकडे कौतुकाने पाहिलं. "लहानपणी मी तुला कोबीची किमची कशी भरवायची? आधी स्वतःच्या तोंडात घेऊन, तिखट चोखून काढून. तेव्हा खाल्लंस ना मुकाट्याने."

त्यांनी पेला भरला. कॅनमधून पाणी पडताना आवाज झाला नाही. शेवटचा थेंब पेल्यात पडला तरी कॅनच्या तोंडाशी एक तार राहिली, ताणली गेली, बारीक झाली. आईने ती बोटाने तोडली आणि बोट चोखलं.

मिओक मोरीत जाऊन ओकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती झऱ्यापाशी जाऊन लांब झाडाआड उभी राहिली. नऊही जण आलेले होते, दालबुनबाई तिसऱ्या. कुणी बोलत नव्हतं. सुनांची निंदा नाही, चेष्टा नाही. ओगराळी खिळ्यालाच लटकत होती. एकेक जण कुंडीवर वाकायचा, नळीखाली तोंड उघडायचा आणि थांबायचा.

नळीतून पाणी सतत येत नव्हतं. आधी आत कुठेतरी खोलवर ओला, चिकट आवाज व्हायचा, मग एक घोट पडायचा. बरोबर एक घोट. म्हातारा गिळायचा. पुन्हा आवाज, पुन्हा घोट. झऱ्याच्या दाबात चढउतार होतो, उन्हाळ्यात नळीत हवा शिरते, हे मिओकला ठाऊक होतं आणि ती ते मनाशी घोकत होती. पण तिने आईकडे पाहिलं. दालबुनबाईंची पाळी अजून यायची होती. तरी नळीतून घोट पडला की त्यांचा गळा हलत होता. मागच्या सहाही जणांचा हलत होता, एकाच वेळी.

५

सगळे उतरल्यावर तिने आईला बाकावर थांबवून घेतलं.

"आई, मला एक सांगायचंय. एप्रिलचा कागद खोटा होता. मी पाणी देवळाजवळच्या झऱ्याचं भरलं होतं."

"माहीत आहे मला."

"कसं माहीत?"

"त्या दिवशी मी तुझ्या मागून वर आले होते, तुला डबा द्यायला. गवतात पाणी ओतताना पाहिलं तुला." दालबुनबाईंनी काठी मांडीवर आडवी घेतली. "बोलले नाही. म्हटलं, पोरीला आपली काळजी आहे. आपण इथे येत राहावं असं तिलाही वाटतंय."

"मी उद्या कचेरीत जाऊन सांगणार आहे. झरा बंद होईल."

"तुझी नोकरी जाईल."

"जाऊ दे."

दालबुनबाईंनी नळीकडे पाहिलं. "मग आम्हाला पाजणार कोण?" त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. घरात तांदूळ संपल्यावर विचारावं तसं विचारलं होतं.

६

नोकरी गेली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दोन कामगार सिमेंट घेऊन आले. मिओकला कोणी बोलावलं नव्हतं, ती आपणहून गेली. भर दुपार होती, किड्यांची किरकिर चाललेली.

जाड्या कामगाराने नळी दोन्ही हातांनी धरून ओढली. हातभर येईल असं त्याला वाटलं होतं. ती येतच राहिली, बुळबुळीत, पांढुरक्या चिकट थराने माखलेली, दोन माणसांच्या उंचीएवढी. तिचं आतलं टोक बाहेर पडलं तेव्हा तो थबकला. टोक चपटं झालं होतं. लहान मुलं सरबताची नळी चावून चावून चपटी करतात तसं, दोन्ही बाजूंनी खोल खाचा पडलेल्या.

"उंदीर," दुसरा म्हणाला.

"एवढ्या आत उंदीर?"

"मग काय, तुझी सासू? चल, माल ओत."

मिओक भोकाशी वाकली. तिने टॉर्च लावला, एवढ्यासाठी की आत नुसता खडक आणि चिखल दिसावा आणि रात्री झोप लागावी. प्रकाश आत गेला. वरच्या बाजूला काहीतरी ओलं, गुलाबीसर होतं आणि त्यावर आडव्या बारीक वळ्या होत्या. आपल्याच टाळूला जिभेने चाचपलं की लागतात, तशा. लाल मातीचे थर असे असतात, तिने स्वतःला सांगितलं. तेवढ्यात ते वर उचललं गेलं आणि आतून उबदार हवा तिच्या तोंडावर आली. शिळ्या लसणाचा वास होता.

"बाजूला व्हा मावशी," जाड्या म्हणाला आणि त्याने सिमेंटची बादली उपडी केली. एका बादलीचं काम होतं. सहा लागल्या.

७

त्या दिवसापासून दालबुनबाई पाणी पिईनात.

पहिल्या दिवशी मिओकने हट्ट समजून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी तिने नळाचं पाणी उकळून त्यात भाजलेले सातू टाकले, दुकानातून बाटल्या आणल्या, साखरमीठ घातलं. आईने प्रत्येक चमचा मुकाट्याने तोंडात घेतला आणि ओठाच्या कोपऱ्यातून तसाच बाहेर सोडला. उशी भिजली. कोमट करून दिलं, तेही सोडलं.

"काय हवंय तुला? सांग तरी."

"हे मेलेलं आहे," दालबुनबाई म्हणाल्या. जीभ टाळूला चिकटत होती, शब्द सोलून काढल्यासारखे निघत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी वस्तीतला डॉक्टर आला. त्याने आईच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती उभीच राहिली, खाली बसेना. "दुपारपर्यंत पोटात पाणी गेलं नाही तर दवाखान्यात न्या," तो म्हणाला. "पण या वयात, या मूत्रपिंडांवर, तिथे गेल्यावर परत घरी आणाल असं मी सांगू शकत नाही."

तो गेल्यावर मिओक पेला हातात घेऊन आईच्या उशाशी बसली. बाहेर चुलीवरच्या माशाचा वास, कुणाचा तरी रेडिओ. सगळं जसं असतं तसं. पाण्यालाच काही चव आहे की काय, हे बघायला तिने पेल्यातला एक घोट तोंडात घेतला. नळाचं पाणी, किंचित औषधी. त्यात दोष काय म्हणून तिने ते जिभेवर घोळवलं, या गालातून त्या गालात.

ओला, बारीक आवाज झाला.

दालबुनबाईंनी डोळे उघडले. मान वळवली आणि तोंड उघडलं. नळीखाली उघडायच्या तसं, थोडंसं, आणि थांबल्या.

मिओक गाल भरून तशीच बसली. आईला काय हवं होतं ते तिला समजलं होतं. पाणी तोंडात गरम होत चाललं होतं, घट्ट होत चाललं होतं. थुंकून टाकावं, आत्ता, मोरीत. आईच्या हिरड्या सुकून पांढऱ्या पडल्या होत्या. जीभ लाकडासारखी. शिळ्या लसणाच्या त्याच वासाचा श्वास वर येत होता आणि ती आई होती.

ती वाकली. ओठ ओठांना लावताना तिने डोळे मिटले.

गिळल्याचा आवाज आला. तीन दिवसांतला पहिला.

"अजून," दालबुनबाई म्हणाल्या.

पहिल्या पेल्याला मिओकला दोनदा उमासा आला. दुसऱ्याला एकदा. तिसऱ्याला आला नाही. चौथा पेला संपला तेव्हा आईच्या गालावर रंग आला होता आणि त्या लेकीचा हात धरून शांत झोपल्या. मिओकने पेला धुतला, मोरीच्या कडेला उपडा घातला. तोंड पुसलं. आई वाचली होती. बाकीचं कुणाला सांगायची गरज नव्हती.

दारात चपला काढल्याचा आवाज आला. मग आणखी एका माणसाच्या, मग आणखी.

उंबरठ्याच्या आत मा ग्वांगपिल उभे होते. तीन दिवसांत पँट कमरेवरून घसरायला आली होती. त्यांच्यामागे बाकीचे सात जण ओळीत, भिंतीला धरून. कुणाच्या हातात कॅन नव्हता.

"सावकाश होऊ दे," अध्यक्ष म्हणाले. ओठ फाटून रक्त सुकलं होतं. "तुझी आई आधी. आम्ही थांबतो. सवय आहे आम्हाला."

ते भिंतीशी बसले. एकेकाने तोंड उघडलं, थोडंसं.

मिओक उठली. त्यांना सांगायचं होतं, घरी जा, दवाखान्यात जा, हे माझं काम नाही. तिने बोलायला तोंड उघडायचं ठरवलं, पण तिला ते उघडता येईना. उघडलं असतं तर सांडलं असतं. पेला मोरीच्या कडेला उपडाच होता, कोरडा. तिने एक थेंबही घेतलेला नव्हता, आणि तिचं तोंड दोन्ही गालांपर्यंत भरून आलं होतं, कोमट.